वडिलांची संमती

५ सप्टेंबर १९९४, सोमवार

आज पंचवीस दिवसांनी ऑफिसला गेलो. बस वेळेवर मिळाली. नऊ वीसला पोचलो. टाइपरायटरवरचं कव्हर काढलं, रिबन बदलली. तुंबलेलं टपाल नोंदवलं, दुपारपर्यंत तेच केलं. डबा खाल्ला. सहाला निघालो. घरी आलो तेव्हा कौसल्या दार उघडं टाकून आतल्या खोलीत बसली होती. दिवा लावला नव्हता.

लुंबिनी ११ ऑगस्टला गेली. आमची एकच मुलगी. बावीस वर्षं चार महिने. दिल्लीजवळ फरीदाबादला परदेशात कपडे पाठवणारा कारखाना आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर ती कॉम्प्युटरवर ऑर्डरी भरायची. संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर आग लागली. जिन्याच्या तळाशी लोखंडी दार आहे. त्याला बाहेरून कुलूप होतं. अकरा माणसं गेली.

ही वही साहेबांनी दिली. म्हणाले, "मेश्राम, तुम्ही बोलत नाही. निदान लिहीत जा. चोवीस वर्षं माझं लिहून घेतलंत, आता थोडं स्वतःचं लिहा."

साहेब म्हणजे विष्णू सबनीस, केंद्राचे मुख्य सरकारी वकील. सरकारच्या वतीने देशात जे मोठे फौजदारी खटले चालतात ते त्यांच्या सहीने चालतात, आणि थांबतात तेही त्यांच्याच सहीने. मी त्यांचा खासगी सचिव. लागलो तेव्हा स्टेनो होतो.

काय लिहायचं ते कळत नाही. आजच्यापुरतं पुरे.

१२ सप्टेंबर

कारखान्याचा तपास राज्याकडून केंद्राकडे आला. फाइल आपल्याच ऑफिसात येणार. मी साहेबांना म्हटलं, ही फाइल माझ्या हातून जाऊ नये, नियमात बसत नाही. ते म्हणाले, "नियम मला माहीत आहेत. ही केस मी स्वतः चालवणार. फरीदाबादला स्वतः उभा राहणार."

मुख्य सरकारी वकील जिल्ह्याच्या कोर्टात कधी उभे राहत नाहीत. क्षिप्रा म्हणाली, "काका, सरांनी गेल्या सहा वर्षांत सेशन्स कोर्टाची सीढ़ी चढलेली नाही." क्षिप्रा ही साहेबांची ज्युनियर वकील, इंदूरची मराठी मुलगी. लुंबिनीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. जिन्याला ती सीढ़ी म्हणते. लुंबिनीही म्हणायची. मी दर वेळी सुधारायचो.

११ ऑगस्टला शवागारात साहेब माझ्याबरोबर दोन तास उभे होते. कागद त्यांनीच भरले. मला माझा पत्ता आठवत नव्हता, तो त्यांनी सांगितला. हे लिहून ठेवतो, कारण लोक त्यांच्याबद्दल काय काय बोलतात.

३ ऑक्टोबर

एका इंग्रजी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर साहेबांचा फोटो आला. खाली छापलं आहे, खटले मागे घेणारा माणूस. तीन वर्षांत एकोणीस खटले मागे घेतले, त्यांत दोन माजी मंत्री, एक साखरसम्राट, एक बँकेचा अध्यक्ष, असा हिशेब दिला आहे. कात्रणं मी ठेवतो. अनुकूल एका फाइलमध्ये, प्रतिकूल दुसऱ्या. दुसरी आता बांधायला दोरी पुरत नाही.

साहेबांनी अंक पाहिला आणि हसले. "फोटो बरा आलाय. सुनेत्राला दाखवतो, ती म्हणते मी म्हातारा दिसतो." सुनेत्राबाई म्हणजे त्यांच्या पत्नी.

मग गंभीर होऊन म्हणाले, "सरकारी वकील सूड घ्यायला नसतो, मेश्राम. पुरावा नसेल तर थांबवणं हेही त्याचंच काम."

एकोणीस आकडा बरोबर आहे. ते एकोणीस अर्ज मीच टाइप केले. कायदा असा की खटला मागे घेताना सरकारी वकिलाने स्वतः विचार करायचा असतो, कुणाच्या सांगण्यावरून घ्यायचा नसतो. म्हणून दर अर्जात एक वाक्य येतं, 'सर्व बाबींचा मी स्वतंत्रपणे विचार केला आहे.' ते माझ्या बोटांना पाठ आहे. पुष्कळदा साहेब दौऱ्यावर असायचे आणि वरून निरोप यायचा की अर्ज आजच हवा. त्यासाठी ते जाण्यापूर्वी दहा-बारा कोऱ्या कागदांवर सह्या करून माझ्याकडे देत. ते लोखंडी कपाटात, किल्ली माझ्याकडे. चोवीस वर्षांत त्यातल्या एकाही कागदाचा गैरवापर झाला नाही. मोठ्या ऑफिसात असंच चालतं. बाहेरच्यांना ते विचित्र वाटेल.

२२ नोव्हेंबर

फरीदाबादला तारीख होती. रजा काढून गेलो. साहेब पावणेदोन तास बोलले. कागद हातात नव्हता. कुलपाची किल्ली मॅनेजरच्या खिशात होती, आणि कापड चोरीला जाऊ नये म्हणून कारखाना सुटायच्या वेळी दार बंद ठेवायचा हुकूम मालकाचा होता, हे त्यांनी तारखा-वेळांसह मांडलं. शेवटी म्हणाले, "हा निष्काळजीपणा नाही. यांनी शर्टांची किंमत केली आणि माणसांचीही केली, आणि शर्ट महाग ठरले." मालक खाली बघत होता. कोर्टाने सदोष मनुष्यवधाचा आरोप मान्य केला. दहा वर्षांपर्यंत होऊ शकतात.

बाहेर ज्ञानोबांनी साहेबांचे पाय धरले. ज्ञानोबा लातूरकडचे, फरीदाबादच्याच एका ट्रॅक्टरच्या कारखान्यात फिटर. त्यांची बायको तिसऱ्या मजल्यावर शिलाईला होती. दोन मुली आहेत. मला म्हणाले, "मेश्रामसाहेब, तुमचा माणूस आहे म्हणून आम्ही तरलो. नाहीतर आमच्यासारख्याला कोण विचारतं?"

मी म्हटलं, मला साहेब म्हणू नका. घरी येऊन कौसल्याला सगळं सांगितलं. तिने साहेबांचं ते वाक्य दोनदा विचारलं. मग बऱ्याच दिवसांनी माझ्याबरोबर बसून जेवली.

६ डिसेंबर

वंदनेला गेलो होतो. कौसल्याही आली. चैत्यभूमीला कुणी जाऊ शकलं नव्हतं, सगळे इथलेच नोकरदार. एकाने विचारलं, मुलगी कुठे असते हल्ली? कौसल्या म्हणाली, "केस चालू आहे तिची." त्या गृहस्थाला काही कळलं नाही. आम्ही निघून आलो.

एक गोष्ट लिहायची राहिली आहे. जूनमध्ये लुंबिनी जेवताना म्हणाली होती, "बाबा, पाच वाजता हमारे यहाँ नीचे ताला लावतात, झडतीसाठी. बाथरूमला जायचं तरी विचारावं लागतं." मी म्हटलं, कंपनीचा नियम असेल. नवीन नोकरी आहे, सांभाळून राहा. हे मी पोलिसांना सांगितलं नाही. कौसल्या तेव्हा स्वयंपाकघरात होती.

९ जानेवारी १९९५

दुपारी साहेबांबरोबर कस्तुरबा गांधी मार्गावर गेलो. एका राज्याच्या अतिथिगृहात जेवण होतं. मी नेहमी आत बाजूच्या खोलीत वही घेऊन बसतो. आज साहेब म्हणाले, "तुम्ही गाडीतच थांबा." अडीच तास थांबलो. बाहेर येताना त्यांच्याबरोबर मंत्रालयाचे दोन अधिकारी होते आणि एक गृहस्थ, ज्यांना मी फरीदाबादला मालकाच्या वकिलांमागे बसलेले पाहिलं होतं. कदाचित चूक होत असेल. थंडीत सगळे कोट घालतात, सारखेच दिसतात.

परतताना साहेब काचेतून बाहेर बघत होते. म्हणाले, "गुडगावला काय बांधकामं चाललीत, पाहिलीत? पाच वर्षांत ओळखता येणार नाही. परदेशी पैसा असा वाहतोय." मग म्हणाले, "कौसल्याबाई कशा आहेत?"

थकलेले दिसले. मार्चमध्ये त्यांची मुदत संपते. वाढवून मिळेल की नाही याची ऑफिसात कुजबुज आहे. त्याची चिंता असणार.

२० जानेवारी

साहेबांनी दार लावून घेतलं आणि मला बसायला सांगितलं. त्यांच्यासमोर मी बसत नाही. आज बसलो.

"मेश्राम, खटला लांबेल. तोवर नुकसानभरपाईचा विषय सुटा करून घेऊ. तीन-चार ठिकाणी अर्ज द्यावे लागतील. मसुदे मी स्वतः करतो. तुम्हाला तेच तेच वाचायला लावायचं माझ्या जिवावर येतं."

मी म्हटलं, मी टाइप करतो की.

"नको. बाप आहात तुम्ही. हे तुमच्या हातून व्हायला नको. सह्या करून ठेवा, बाकी माझ्यावर सोडा."

त्यांनी चार कोरे कागद पुढे सरकवले. चारांवर सही केली, खाली उजवीकडे, जिथे साहेब करतात तिथेच. चोवीस वर्षं त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला, तो परत करायची वेळ कधी आली नव्हती. आज आली. बरं वाटलं.

दोन कागद कौसल्यासाठी दिले आहेत.

२१ जानेवारी

कौसल्या सही करत नाही. मी पुष्कळ समजावलं.

"काय लिहिणार त्याच्यावर?"

"भरपाईचा अर्ज."

"मग लिहून आणा. वाचते, मग करते."

"अगं, ऑफिसात असंच असतं. साहेब स्वतः मला असे कागद देतात."

"ते साहेब आहेत. त्यांच्या कागदावर तुम्ही काय लिहिणार, त्यांनी सांगितलं तेच ना? तुमच्या कागदावर ते काय लिहितील, ते तुम्ही सांगणार आहात का?"

ती म्हणाली, "माझ्या आज्याने असाच कोऱ्यावर अंगठा दिला होता. बापाने मला सातवीपर्यंत शिकवलं ते कशासाठी?"

तिला कचेरी कशी चालते ते माहीत नाही. साहेबांना काय सांगू याची लाज वाटते. कागद तसेच परत नेतो.

२३ जानेवारी

साहेब म्हणाले, "असू द्या. वडिलांची पुरेल."

२ फेब्रुवारी

साहेबांनी कारखान्याची फाइल माझ्याकडून काढून नवीन कॉम्प्युटरवाल्या खोलीत दिली. मला त्रास होऊ नये म्हणून. क्षिप्रा हल्ली माझ्याशी बोलत नाही. समोर आली की फायली चाळते. तिचं लग्न ठरत होतं, त्यातलं काही असेल.

१० मार्च

साहेबांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. मी पेढे आणले, सगळ्या खोल्यांतून वाटले. क्षिप्राने घेतला नाही. म्हणाली, "काका, माझा उपवास आहे." शुक्रवारी तिचा उपवास असतो हे माहीत नव्हतं.

अनुकूल फाइलमध्ये सहा कात्रणं लावली.

२५ मार्च

साहेबांनी सीलबंद पाकीट घेऊन लखनौला जायला सांगितलं आहे. हातात द्यायचं, पोच आणायची. मी म्हटलं, सोमवारी २७ ला फरीदाबादची तारीख आहे, रजा टाकली होती. ते म्हणाले, "नुसती पुढची तारीख पडणार आहे. कशाला दगदग? आणि हे पाकीट दुसऱ्या कुणाला देता येत नाही." आज रात्रीची गाडी आहे. कौसल्याने दशम्या करून दिल्या.

२९ मार्च

नीट लिहायचा प्रयत्न करतो.

लखनौहून सकाळी आलो. पाकिटात काय होतं माहीत नाही, पण तिथल्या कारकुनाने माझ्यासमोर फोडून बाजूला टाकलं आणि पोच दिली. घरी येऊन अंघोळ केली. अकराच्या सुमाराला ज्ञानोबा आले. दारातच उभे राहिले. कौसल्या म्हणाली, "या ना भाऊ, बसा."

"बसायला नाही आलो, ताई. विचारायला आलोय. किती दिले?"

मी म्हटलं, कुणी काय दिलं?

"नाटक नका करू. बारा वर्षं दिल्लीत काढली मी, माणसं कळतात मला. अकरा घरांतलं पहिलं घर तुम्ही फोडलं. तुमचा कागद पाहून बाकीच्यांनी धडाधड अंगठे दिले. 'मेश्राम कायद्यातला माणूस, त्याला कळत नसेल का?' म्हणाले. मी एकटा ओरडत राहिलो कोर्टात."

सोमवारी साहेबांनी फरीदाबादला खटला मागे घेण्याचा अर्ज दिला. कोर्टाने परवानगी दिली. मालक आणि मॅनेजर सुटले.

ज्ञानोबांनी खिशातून नक्कल काढली. अर्ज सहा पानी. 'सर्व बाबींचा मी स्वतंत्रपणे विचार केला आहे' हे चौथ्या पानावर. मागे परिशिष्ट एक, मृत मुलीच्या वडिलांची संमती. कुलूप हा अपघाताचा भाग होता, मालकांबद्दल माझ्या मनात राग नाही, योग्य ती भरपाई मिळत आहे, खटला पुढे चालू नये अशी माझी इच्छा आहे. खाली माझी सही.

मी बराच वेळ मजकुराकडे बघत होतो, पण वाचत नव्हतो. वरचा समास चार बोटं होता. ओळींमध्ये नेहमीपेक्षा जास्त जागा. शेवटच्या परिच्छेदाआधी एक ओळ उगाच सोडलेली. सही आधी असेल तर मजकूर असा ओढून तिच्यापर्यंत आणावा लागतो. शेवटची ओळ आणि सही यांत बोटभर अंतर राहिलं की कागद खरा दिसतो. ही रीत मीच बसवली. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक टायपिस्टला मीच शिकवली.

ज्ञानोबा म्हणाले, "सही तुमची आहे का नाही, एवढंच सांगा."

मी म्हटलं, माझी आहे.

ते कौसल्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुमची कुठे दिसली नाही. तेवढं बरं वाटलं." आणि गेले.

कौसल्याने नक्कल घडी करून लुंबिनीच्या सर्टिफिकिटांच्या पिशवीत ठेवली.

मला वाटतं, भरपाईसाठी दिलेला कागद चुकून दुसऱ्या मजकुराला वापरला गेला. नवीन टायपिस्टने गोंधळ केला असेल. साहेबांनी घाईत पाहिलं नसेल. उद्या सांगतो.

३० मार्च

साहेबांना सांगितलं की चूक झाली आहे.

ते म्हणाले, "बसा."

मी उभा राहिलो.

"खटला टिकला नसता, मेश्राम. साक्षीदार फुटले होते. सात वर्षं तुम्ही त्या कोर्टाच्या बाकावर बसला असता आणि शेवटी ते सुटलेच असते. मी तुमची सात वर्षं वाचवली. सगळ्यांना पैसे मिळवून दिले. चांगले पैसे."

मी म्हटलं, नोव्हेंबरमध्ये तुम्ही म्हणाला होतात की हा निष्काळजीपणा नाही.

"नोव्हेंबरमध्ये मी वकील म्हणून बोललो."

मग मला एकच प्रश्न सुचला. विचारलं, माझा कागद कधी टाइप झाला?

साहेबांनी चष्मा काढला. चोवीस वर्षांत मी त्यांना काही विचारलं नव्हतं, तारीख-वेळ सोडून. म्हणाले, "त्याने काय फरक पडतो? सही केलीत ना तुम्ही? मी जबरदस्ती केली का?"

नाही, म्हटलं.

"घरी जा. आठ दिवस येऊ नका. कौसल्याबाईंजवळ थांबा."

जिना उतरताना ते एकोणीस अर्ज आठवले. एका पुलाचा होता, ठेकेदाराचा, वाहून गेलेल्या पुलाचा. त्यात मेलेल्यांची नावं परिशिष्टात होती. दोन पानं होती. मी ती टाइप केली होती आणि चूक एकही नव्हती. त्यांची कोणीतरी माणसं असणार, हे माझ्या कधी मनात आलं नाही.

११ एप्रिल

क्षिप्रा घरी आली. तिने नोकरी सोडली. कौसल्याच्या पायाशी जमिनीवरच बसली. म्हणाली, "मला फेब्रुवारीपासून माहीत होतं, मौशी. मी बोलायला हवं होतं. डर गई मैं."

कौसल्या म्हणाली, "पेढा घेतला नाहीस म्हणे."

"नाही घेतला."

"बरं केलंस. पण पेढा न घेऊन काय झालं?"

क्षिप्रा रडली. नंतर मला म्हणाली की अजून मुदत आहे. वरच्या कोर्टात अर्ज करता येईल. माझं प्रतिज्ञापत्र लागेल की कोऱ्या कागदावर सही घेतली. "पण काका, ते विचारतील की तुमच्यासारखा अनुभवी माणूस कोऱ्यावर सही कशी करतो? तर तुम्हाला ऑफिसची सगळी पद्धत सांगावी लागेल. सरांचे कोरे कागद, कपाट, सगळं. तुम्ही स्वतः काय काय टाइप केलंत तेही. नोकरी जाईल. पेन्शन अडकेल. क्वार्टर तर बिल्कुल जाईल. दुसरा मार्ग आहे. फसवून सही घेतली, एवढंच म्हणायचं, पद्धतीबद्दल गप्प राहायचं. मग कदाचित निभेल."

मी म्हटलं, ते खोटं होईल.

"अर्धं."

कौसल्या म्हणाली, "पूर्ण लिहा."

८ मे

प्रतिज्ञापत्र दिलं. चौदा पानं. स्वतःच टाइप केलं, सही सगळ्यात शेवटी केली. जूनमधलं लुंबिनीचं बोलणंही त्यात घातलं, तिने मला कुलपाचं सांगितलं होतं आणि मी तिला सांभाळून राहायला सांगितलं ते. सही करण्याआधी कौसल्याला वाचून दाखवलं. त्या परिच्छेदाशी तिने मला थांबवलं. पुन्हा वाचा म्हणाली. पुन्हा वाचलं. उठून आत गेली.

तेव्हापासून आमच्यात गरजेपुरतं बोलणं आहे.

१९ मे

निलंबनाचं पत्र आलं. मसुदा चांगला आहे. सही साहेबांची नाही, उपसचिवांची आहे.

४ जुलै

वर्तमानपत्रांत दोन दिवस आलं. नंतर थांबलं. साहेबांनी मुलाखतीत सांगितलं की माझ्या सचिवाला मुलीच्या दुःखाने भ्रम झाला आहे, मला त्याच्याबद्दल कणव वाटते, त्याच्यावर कारवाई करू नये असं मी सरकारला कळवलं आहे. ते कात्रण कुठल्या फाइलमध्ये गेलं असेल?

मला अजूनही वाटतं, शवागारात ते उभे होते ते खरं होतं. मी पुन्हा पुन्हा तपासून पाहतो. ते खरंच होतं. आणि हेही. दोन्ही एका माणसात कसं बसतं ते कळत नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

चंदीगडला वरच्या कोर्टात निकाल लागला. क्षिप्रा एकटी उभी होती. समोर पाच वकील. साहेब आले नव्हते.

समोरचे वकील हळू आवाजात बोलले. मोठे सभ्य गृहस्थ. म्हणाले, "अर्जदार आपली सही नाकारत नाहीत. ते स्वतःच शपथेवर सांगतात की चोवीस वर्षं ते दुसऱ्याच्या सहीवर आपल्या मनाने मजकूर भरत होते आणि कोर्टांत दाखल करत होते. त्यांच्या प्रतिज्ञापत्रातली पानं सहा ते अकरा पाहावीत. अशा माणसाचा आजचा कागद खरा आणि मार्चमधला खोटा, हे कशावरून ठरवायचं?"

न्यायमूर्तींनी मला विचारलं, हिंदीत, "आपने ये सब अपनी मर्ज़ी से लिखा है?"

मी हो म्हटलं.

"किसी ने ज़बरदस्ती नहीं की?"

नाही, म्हटलं.

त्यांनी स्टेनोला निकाल लिहून घ्यायला सांगितलं. अर्ज फेटाळला. स्टेनो तरुण होता, वेगाने घेत होता. एका ठिकाणी तो अडखळला, तेव्हा मी मनातल्या मनात शब्द पुरवला.

बाहेर क्षिप्रा म्हणाली, "काका, अर्धं लिहिलं असतं तर..."

मी म्हटलं, तू चांगली बोललीस.

१५ ऑक्टोबर

ज्ञानोबांना सांगायला फरीदाबादला गेलो. मुली शाळेत होत्या. त्यांनी पाणी दिलं, पण मला बसवलं दाराजवळ. सगळं ऐकून म्हणाले, "मी घेतले पैसे. जुलैत. तुम्हाला कळवलं नाही. थोरली दहावीला आहे."

मी म्हटलं, योग्य केलंत.

"योग्य नाही केलं. घेतले." मग म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या दारात मी बोललो, ते मागे घेणार नाही. तुम्ही विकले गेला नव्हता, ते कळलं आता. पण पहिला कागद तुमचाच होता."

हो, म्हटलं.

निघताना त्यांनी रिक्षापर्यंत सोबत केली. कारखाना त्याच रस्त्यावर आहे. बाहेरून नवीन रंग दिला आहे आणि फाटकाशी नोकरभरतीची पाटी आहे. मुली रांगेत होत्या.

२ नोव्हेंबर

कौसल्या उमरेडला बहिणीकडे गेली. क्वार्टर महिनाअखेर सोडायचं आहे, तोवर बांधाबांध मी करतो म्हटलं. स्टेशनवर तिने खिडकीतून विचारलं, "तिने सांगितलं तेव्हा काय जेवत होतो आपण?"

मला आठवलं नाही.

"तुम्हाला आठवत नाही. मी तेव्हा पोळ्या करत होते. मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, तुम्ही बोललात म्हणजे बरोबर असेल."

गाडी सुटायला अजून सात-आठ मिनिटं होती. आम्ही तशीच काढली. परत कधी येणार ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर १९९५, रविवार

सकाळी सामान बांधलं. भांडी एका पोत्यात, कपडे दोन ट्रंकांत. लुंबिनीची पिशवी कौसल्या घेऊन गेली आहे. भिंतीवरच्या तसबिरी शेवटी काढायच्या म्हणून ठेवल्या. शेजारचे विचारत होते, गावाकडे का इथेच कुठे? अजून ठरलं नाही, म्हटलं.

पेपरात आहे की साहेबांना एका नव्या आयोगाचं अध्यक्षपद दिलं. फौजदारी कायद्यात सुधारणा सुचवायला. फोटो आहे. थोडे वाळलेले दिसतात.

डायरीची बरीच पानं कोरी आहेत. आणखी काय लिहिणार? ही वही त्यांचीच.

संध्याकाळी दुधाच्या बूथवर गेलो. नेहमीसारखं दोन लिटरचं भांडं नेलं होतं. अर्धा लिटर घेतलं. ते तळाशीच राहिलं. घरी येऊन गॅस पेटवला, दूध वर ठेवलं. उतू जाऊ नये म्हणून शेजारी उभा राहिलो. वर आलं तशी आच बारीक केली, पुन्हा एकदा वर येऊ दिलं आणि गॅस बंद केला. झाकण सापडलं नाही, पोत्यात गेलं होतं. ताटली ठेवली.